केसाएवढी फट

आमचे बाबा दुधाने तोंड पोळलेलं नसतानाही ताक फुंकून पितात. खडकीच्या दारूगोळा कारखान्यात त्यांनी सगळी नोकरी तपासनीस म्हणून काढली. दुसऱ्यांनी बनवलेला माल मोजायचा, मापात बसला तर सही करायची, नाही बसला तर बाजूला काढायचा. त्यांच्या खात्यात एक नियम होता आणि तो आमच्या घरात आरतीपेक्षा जास्त वेळा म्हटला गेला: बनवणाऱ्याने पास करायचं नाही. ज्याने बनवलं त्याची सही एका रकान्यात, ज्याने तपासलं त्याची दुसऱ्या. दोन्ही रकान्यांत एकाच माणसाची सही दिसली की माल न बघताच परत पाठवायचा.

घरातही हाच कायदा. आमटी आईने केली तर मीठ मी चाखायचं. गणितं मी सोडवली तर उत्तरं आईने ताडायची. बुधवार पेठेत रेडिओ घ्यायला गेलो होतो तेव्हा बाबांनी दुकानदाराला रेडिओचं मागचं झाकण उघडायला लावलं होतं. दुकानदाराने स्क्रू काढता काढता विचारलं, "साहेब, विकत घ्यायचाय की पोस्टमॉर्टेम करायचंय?" बाबा म्हणाले, "आधी पोस्टमॉर्टेम, मग ठरवू." रेडिओ घेतला नाही.

मला नोकरी लागली तेव्हा ऑफर लेटर त्यांनी खिडकीशी उजेडात धरून पाहिलं. दुसऱ्या दिवशी मला न सांगता बसने खराडीला जाऊन आले. अशी कंपनी खरंच आहे का, तिथे माणसं येताना-जाताना दिसतात का, हे गेटवरच्या वॉचमनला विचारलं. घरी येऊन म्हणाले, "इमारत आहे. काचेची आहे. आत काय करतात ते वॉचमनलाही माहीत नाही." त्या काचेच्या इमारतीत मी आता नऊ वर्षं मोबाइलची अ‍ॅप बनवते आहे. आत काय करतात याबद्दलची बाबांची शंका अजून फिटलेली नाही.

बापाचं नाक घेतलंय असं मला सगळे म्हणतात. संशयही घेतलाय, पण तो नाकासारखा दिसत नाही म्हणून लोकांना उशिरा कळतो. ऑफिसात कुणी "झालंय काम" म्हटलं की मला "दाखव" म्हटल्याशिवाय राहवत नाही. मला कोणी जेवायला बोलवत नाही ते बहुधा यामुळेच.

गेल्या वर्षी गणपतीनंतर बाबांना अर्धांगाचा झटका आला. जीभ आठ दिवसांत ताळ्यावर आली आणि लगेच टोमणे मारू लागली. पायही सावरला. उजवा हात मात्र राहिला. महिन्याभराने बँकेतून कागदपत्रं नवी करायला बोलावणं आलं. बाबांनी सही केली ती जुन्या सहीशी कुठूनही जुळेना. काउंटरवरच्या बाई चांगल्या होत्या. शाईचं पॅड पुढे सरकवून म्हणाल्या, "आजोबा, अंगठा द्या. चालतो."

बाबांनी त्या पॅडकडे पाहिलं. "तुम्हाला चालत असेल," म्हणाले आणि उठले.

रिक्षात ते एवढंच बोलले: "सही आली की येऊ." मी मान डोलावली आणि खिडकीबाहेर बघत बसले. हजारो पेट्यांवर ज्यांची सही बघून सैन्याने माल उचलला, त्यांना अंगठा द्यायला लावणं माझ्याच्याने होणार नव्हतं. त्या दिवसापासून आमच्या घरात एकच गोष्ट महत्त्वाची होती. उजव्या हाताच्या अंगठ्यात आणि तर्जनीत पेन धरता यायला हवं होतं. डॉक्टरांनी सांगितलं होतं की जे काही यायचं ते सुरुवातीच्या महिन्यांत जास्त येतं, नंतर वेग मंदावतो. म्हणजे घाई होती.

नेमकं त्याच काळात ऑफिसात आम्ही फिजिओथेरपीचं अ‍ॅप बनवत होतो. दवाखान्याने पेशंटचे व्यायाम त्यात चढवायचे, पेशंटने घरी व्हिडिओ बघून एकेक करायचा आणि 'झालं' हे बटण दाबायचं. दाबलं की वरचं वर्तुळ थोडं भरतं. सगळे व्यायाम झाले की वर्तुळ पूर्ण. ते वर्तुळ बनवण्याचं काम माझ्याकडे होतं.

तयार वर्तुळं मिळतात, पण आमच्या डिझायनरला ती 'सरकारी' वाटत. हा गृहस्थ असा आहे की त्याला कुठल्याही पानावर काहीही असलेलं आवडत नाही. तो माझ्या खुर्चीमागे उभा राहून म्हणाला, "थिक कर ना. अजून थिक. आणि एंड्स राउंड हवेत. शार्प एंड्स एकदम हॉस्पिटल वाटतात."

"अरे, हॉस्पिटलचंच अ‍ॅप आहे."

"म्हणूनच. आणि मधलं ते परसेंटेज काढ यार. सर्कल इटसेल्फ बोललं पाहिजे."

मी वर्तुळाभोवती भरत जाणारी पट्टी जाड केली, तिची दोन्ही टोकं बोटांसारखी गोल केली, पुढच्या टोकाखाली हलकी सावली टाकली आणि मधला आकडा काढला. मोबाइलच्या हिशेबाने वर्तुळ घड्याळातल्या तीनच्या जागेपासून सुरू होतं. आपल्या माणसांना ते बारापासून लागतं, म्हणून सगळं नव्वद अंश मागे फिरवलं. मग पाव, अर्धं, पाऊण आणि पूर्ण अशा चार ठिकाणी लावून पाहिलं. चारही ठिकाणी देखणं दिसलं. मी स्वतःवर खूश झाले आणि काम पुढे पाठवलं.

चाचणीसाठी एखादा दवाखाना हवा होता. बाबा ज्या दवाखान्यात जायचे तिथल्याच फिजिओथेरपिस्टला मी विचारलं. ती नागपूरकडची, तरुण आणि कामाला वाघ. लगेच हो म्हणाली. बाबा आमचे पहिलेच पेशंट झाले.

मी बाबांच्या फोनवर अ‍ॅप चढवून दिलं आणि समजावून सांगितलं. ते चष्मा कपाळावर चढवून वर्तुळाकडे बघत राहिले.

"याला माप काय?"

"माप कसलं? हे पूर्ण झालं की दिवसाचे व्यायाम झाले. मग थांबायचं."

"पूर्ण झालं हे ठरवायचं कुणी?"

"दिसतं की बाबा डोळ्यांनी."

"डोळ्यांनी दिसतं त्याला अंदाज म्हणतात."

मी दिवसभर त्याच वर्तुळाशी झगडून आले होते. फटकन म्हणाले, "बाबा, हे बाँब नाहीयेत. साधं वर्तुळ आहे. मी बनवलंय." बाबांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला. दवाखान्याने दिलेला व्यायामांचा छापील कागद त्यांच्या उशाशी होता, तोही मी उचलून कपाटात टाकला. आता कागद कशाला?

पहिला पंधरवडा झकास गेला, तेव्हा व्यायाम मोजकेच होते. दुसऱ्या खेपेला फिजिओथेरपिस्टने बारा व्यायाम चढवले आणि म्हणाली, "काका, आता सगळं अ‍ॅपमध्ये टाकून देलं. बघून बघून करा." बाहेर पेशंटची रांग होती. आम्ही आलो.

महिन्याभराने पुन्हा गेलो. तिने कोपर वाकवून पाहिलं, मनगट फिरवून पाहिलं, खूश झाली. मग टेबलावर राजम्याचा एक दाणा ठेवला आणि म्हणाली, "उचला."

बाबांचा अंगठा दाण्यापर्यंत गेला. तर्जनीही गेली. दोघांच्या मधून दाणा घरंगळला. पुन्हा ठेवला, पुन्हा घरंगळला.

"काका, बाकी सगळं मस्त येऊन राहिलं, चिमटीच काऊन नाही? अंगठ्याचं करता ना?"

"करतो."

"सगळे करता?"

"सगळे."

तिने माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, "करतात. रोज घरी आल्यावर मी वर्तुळ बघते. पूर्ण असतं."

"मग थोडं तरी यायला पाहिजे होतं," ती म्हणाली आणि कागदावर काहीतरी लिहिलं.

त्या 'थोडं तरी' मुळे माझ्या डोक्यात किडा वळवळायला लागला. वर्तुळ रोज पूर्ण, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलेलं. हात मात्र येत नव्हता. दोघांपैकी एक खोटं बोलत होतं, आणि वर्तुळ तर मी बनवलेलं. म्हणजे राहिले बाबा. बटण दाबायला काय, डाव्या अंगठ्यानेही दाबता येतं. व्यायाम न करता बारा वेळा 'झालं' म्हणायला मिनिटभर लागणार नाही. आणि ज्या माणसाने जन्मभर दुसऱ्यांचं खोटं पकडलं, त्याला खोटं कसं करायचं ते माहीत नसेल होय?

मी आईला स्वयंपाकघरात गाठलं. "बाबा खरंच करतात का गं व्यायाम?"

"दार लावून घेतात. आतून व्हिडिओतल्या बाईचा आवाज येतो. पुढचं मला काय विचारतेस?" आई भाजी निवडत होती. मग एक जुडी बाजूला ठेवून हळूच म्हणाली, "का गं? करत नाहीत का?" आता घरात संशय घेणारी दोन माणसं झाली.

एक दिवस मी घरून काम करते असं सांगितलं आणि बाबांनी दार लावल्यावर गॅलरीतून त्यांच्या खिडकीत डोकावले. बापावर पाळत ठेवायला काही वाटलं नाही का, असं कुणी विचारलं तर खरं सांगते, वाटलं, पण कमी वाटलं. ते पलंगावर बसून मनगट उचलत होते. कपाळावर घाम होता. पण मला वाटलं, आज मी घरी आहे म्हणून करत असतील. संशयाचं असं असतं, समोर उलटा पुरावा आला तरी त्याचं पोट भरत नाही.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात मी नको ते केलं. चाचणीतल्या पेशंटच्या नोंदी मला बघता येत होत्या. दवाखान्याच्या बाजूचं पान अजून तयार व्हायचं होतं, त्यामुळे त्या आमच्याशिवाय कुणालाच दिसत नव्हत्या. मी बाबांची नोंद उघडली. पहिल्या दिवशी बारापैकी अकरा. दुसऱ्या दिवशी अकरा. तिसऱ्या दिवशी अकरा. महिनाभर रोज अकरा, एकदाही बारा नाही. प्रत्येक व्यायामाला लागलेला वेळही बरोबर, म्हणजे अकरा खरोखर केलेले. सोडलेला बारावा कुठला ते पाहिलं: अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीने राजम्याचे दाणे उचलून वाटीत टाकणे.

सापडले! मला आनंद झाला, हे लिहायला लाज वाटते, पण झाला. सगळ्यात अवघड तोच व्यायाम रोज टाळायचा, आणि दवाखान्यात तोंड वर करून 'सगळे' म्हणायचं. मी लवकर निघाले. खराडी ते खडकी गाडीवर येताना काय काय बोलायचं ते येरवड्यापर्यंत सगळं जुळवून झालं होतं.

बाबा खुर्चीत पेपर वाचत होते. मी हेल्मेटही काढलं नाही.

"बाबा, बारावा व्यायाम का करत नाही तुम्ही?"

"कुठला बारावा?"

"दाणे उचलायचा."

"असा व्यायाम त्यात नाही."

"आहे. तुम्ही रोज अकरा करून थांबता. माझ्याकडे महिन्याभराची नोंद आहे."

त्यांनी पेपर खाली ठेवला. "तू माझी नोंद तपासलीस?"

"हो."

मला वाटलं आता चिडतील. ते म्हणाले, "बरं केलंस. आता दुसरी बाजूही तपास." आणि डाव्या हाताने फोन माझ्यापुढे धरला. आजचं वर्तुळ होतं. "हे पूर्ण आहे की नाही?"

"आहे ना. तेच तर म्हणतेय..."

मी तिथेच थांबले. निघताना मी आजचीही नोंद पाहिली होती. आजही अकराच होते. मग वर्तुळ पूर्ण कसं?

फोन घेऊन मी खिडकीशी गेले आणि उजेडात धरला. बाबा धरतात तसाच, तिरका. पट्टीची दोन गोल टोकं वर बाराच्या जरा अलीकडे एकमेकांना भिडलेली दिसत होती. अगदी डोळ्याजवळ नेल्यावर त्यांच्यामध्ये एक फट दिसली, केसाएवढी, आणि तीही मीच टाकलेल्या सावलीत बुडालेली. मग हिशेब करायला कागदही लागला नाही. गोल टोक हे पट्टीच्या खऱ्या शेवटाच्या पुढे निम्म्या जाडीएवढं बाहेर येतं. पट्टी जितकी जाड तितकं जास्त. दोन्ही टोकांचं मिळून वर्तुळाचा जवळजवळ बारावा हिस्सा होत होता. बारावा हिस्सा म्हणजे एक व्यायाम. पाव, अर्धं, पाऊण आणि पूर्ण एवढं पाहून मी समाधानी झाले होते. अकरा लावून पाहिलं असतं तर तिथेच कळलं असतं. पण बनवणारीही मी आणि तपासणारीही मी.

मी 'पुढचा' हे बटण दाबलं. व्हिडिओतली बाई वाटी आणि दाणे घेऊन आली.

बाबांनी तिला शेवटपर्यंत पाहिलं. दाणा बोटात कसा धरायचा, कसा सोडायचा. "हे आहे होय," म्हणाले. "मला वाटलं, अंगठ्याचं म्हणजे ते उघडझाप. ते करत होतो."

मला लाज वाटायच्याही आधी भीती वाटली. महिना गेला होता. हात येण्याच्या दिवसांतला महिना, आणि नेमका चिमटीचा.

"बाबा, तुम्हाला ही फट दिसली नाही? तुम्हाला?" माझा आवाज चढला. अजूनही कुणाच्या तरी गळ्यात घालायला मी जागा शोधत होते.

त्यांनी हनुवटीने टेबलाकडे खूण केली. तिथे एक जुनी डायरी होती. पुस्तकांखाली होती म्हणून मी कधी उघडली नव्हती, नाहीतर तीही उघडली असती. आत डाव्या हाताने काढलेली, लहान मुलासारखी वाकडी अक्षरं होती. रोज एक ओळ.

पहिल्या दिवशी: "११ झाले. वर्तुळ बंद. फट? केसाएवढी."

दुसऱ्या दिवशी: "११. भिंग लावून पाहिले. फट आहे. विचारावे."

तिसऱ्या दिवशी: "विचारू नये. तिने तपासले असेल."

त्याच्या खाली आजपर्यंत, रोज: "११. पास."

मी ते पान पुन्हा पुन्हा वाचलं. माझं ऑफर लेटर या माणसाने उजेडात धरलं होतं. माझ्या कंपनीची चौकशी वॉचमनकडे केली होती. आमटीतल्या मिठावर यांचा विश्वास नाही. माझ्या हातची एकच वस्तू त्यांनी जन्मात न मोजता पास केली, फट दिसत असतानाही केली, कारण मी तोडून बोलले होते आणि कारण ती मी बनवली होती. त्या महिनाभरात मी मात्र त्यांच्या खिडकीत डोकावत होते.

मी खुर्चीत बसून रडले. बाबांना रडणं आवडत नाही. म्हणाले, "फोन ओला करू नकोस. पुरावा आहे तो."

दुसऱ्या दिवशी डिझायनरला सांगितलं तर तो म्हणाला, "एज केस आहे ना यार, असं क्वचितच होतं." मी म्हटलं, "तो एज केस माझा बाप आहे." मी पट्टी बारीक केली, टोकं सरळ कापली आणि मध्ये ठळक अक्षरांत आकडा आणला: बारापैकी अकरा. फिजिओथेरपिस्टला फोन करून चूक कुणाची ते सांगितलं. ती म्हणाली, "आता दिवसातून दोनदा करवा दाण्यांचं."

नवं वर्तुळ घेऊन घरी आले तेव्हा बाबांनी विचारलं, "तपासलंस?"

"हो."

"कुणी?"

"मी."

"मग आण इकडे."

भिंग घेऊन त्यांनी ते एकपासून बारापर्यंत प्रत्येक ठिकाणी थांबवून पाहिलं. अकरावर जास्त वेळ घेतला. चहा गार झाला. मग डायरीचं नवं पान काढून मला त्यावर दोन रकाने आखायला लावले, बनवणारा आणि तपासनीस. "पहिल्यात तू कर." मी सही केली.

"दुसऱ्यात?" आईने दारातून विचारलं.

"माल ठीक आहे," बाबा म्हणाले. "पण डाव्या हाताची सही मला मान्य नाही, आणि अंगठा तर नाहीच. रिकामा राहू दे."

तो रकाना अजून रिकामा आहे. ती डायरी टेबलावर त्याच पानावर उघडी असते आणि तिच्यावर राजम्याची वाटी असते, पंख्याने पान उलटू नये म्हणून. रोज दाणे टेबलाखाली जातात आणि आई ते झाडूने गोळा करून पुन्हा धुऊन ठेवते.

काल ऑफिसातून आले तर वाटीत तीन दाणे होते. मी बघितलं, बाबांकडे बघितलं, पुन्हा वाटीकडे बघितलं.

"डाव्या हाताने टाकलेत ना?"

"शंका रास्त आहे," बाबा म्हणाले. त्यांनी वाटी उपडी करून तिन्ही दाणे टेबलावर ओतले आणि उजवा हात पुढे केला. "थांब तिथेच. बघ."

मी खांद्यावरची बॅगही न काढता बघत उभी राहिले.